चार बोटांची दुर्बीण

जुमादिलने चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, की आता तो जे सांगणार आहे ते कुणालाही पटायचं नाही, आणि ज्याला पटेल त्याने आपलं डोकं एकदा वैद्याला दाखवावं. अशी बोली आधीच करून ठेवण्यात एक सोय असते. ऐकणारा मग खोट काढायला बसत नाही. सगळेच 'खोटं' म्हणणार असतील तर आपण वेगळं काहीतरी म्हणावं असं त्याला वाटायला लागतं, आणि तो हळूहळू मान डोलवतो. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात जुमादिलने ही युक्ती लग्नांत वापरली होती, मयतींत वापरली होती, मेंढरांच्या कातरणीत तर दरसाल वापरली होती. कधी फसली नव्हती.

आज मात्र घोट घेताना त्याची नजर एका जागी ठरत नव्हती.

खोलीत माणसं मोजकी. दारासमोरच्या मानाच्या जागी ओस्मोनाली, गल्लीतल्या पाच घरांत सगळ्यांत वडील, ब्याऐंशी वर्षांचा. त्याच्या उजव्या हाताला माम्बेतकुल, जुमादिलचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आमच्या खोऱ्यात म्हणतात, साडूला साडू दिसला की डोकं खाजतं. माम्बेतकुल आल्यापासून जुमादिलने दोनदा टोपी काढून घातली होती. आणि चुलीपाशी झूराकान, जुमादिलची बायको. तिचं एक लक्ष कढईतल्या मांसावर होतं आणि दुसरं नवऱ्याच्या तोंडावर.

कढईत शिजत होता तो डोंगरबोकड, तेके. पाच घरांना मिळून वर्षाला एकाच तेकेचा परवाना मिळतो, आणि तो कुणाच्या नावावर काढायचा हे ओस्मोनाली ठरवतो. तीस वर्षं त्याने जुमादिलचं नाव घातलं होतं. म्हणून सारं गाव जुमादिलला मेर्गेन म्हणायचं. ज्याची गोळी रिकाम्या हाताने परत येत नाही तो मेर्गेन. पण मागल्या दोन हिवाळ्यांत दोनदा गोळी रिकामी आली होती. वसंतात ओस्मोनाली त्याला कुंपणापाशी गाठून हळूच म्हणाला होता, की तिसऱ्यांदा चुकलास तर परवाना माम्बेतकुलच्या नावावर जाईल. एवढंच. पण जुमादिलने त्याचा पुरता अर्थ लावला होता. माम्बेतकुल मेर्गेन होणार, आणि आपण नुसते जुमादिल. तीस वर्षांत त्याला नुसतं जुमादिल कुणी म्हटलं नव्हतं. बायकोसुद्धा निदान 'म्हाताऱ्या' म्हणायची.

आता तेके आला होता, शिजत होता, सगळ्या गल्लीला वास गेला होता. राहिलं होतं ते इतकंच, की ओस्मोनालीने तोंड उघडून म्हणावं, पुढल्या सालीही परवाना तुझाच. म्हातारा ते म्हणत नव्हता. त्याने बुटाचा बर्फ झटकला, चहावर फुंकर घातली आणि म्हणाला, "सांग. सगळं सांग."

'सांग' ठीक होतं. ते 'सगळं' कशाला, असं जुमादिलच्या मनात आलं, आणि तिथे शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्याने सुरुवात जुन्या दुर्बिणीपासून केली. बंदुकीवरची ती जुनी दुर्बीण म्हणजे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, दुर्बीण नव्हतीच, बांधून ठेवलेलं गाढव होतं. डोळा काचेला चिकटवल्याशिवाय तिच्यातून काही दिसायचं नाही, आणि डोळा चिकटवून चाप ओढला की बंदूक मागे यायची आणि दुर्बिणीची कड भुवईवर लाथ मारायची. दर हिवाळ्यात उजव्या भुवईवर एक लालभडक चंद्रकोर. माम्बेतकुलने गावात उठवलं होतं, की ईदचा चंद्र बघायला मशिदीच्या गच्चीवर चढायची गरज नाही, साडूच्या कपाळाकडे बघितलं की पुरे.

"मी चंद्र बघितला म्हणालो होतो," माम्बेतकुल म्हणाला. "गच्चीचं तुझ्या बायकोने जोडलं."

झूराकानने कढईवरचा फेस काढला.

जुमादिल म्हणाला, त्या दुर्बिणीची लाथ इतकी जबर, की शेवटी शेवटी त्याचा घोडासुद्धा शिकला. जुमादिलने बंदुकीच्या दस्त्याला गाल लावला, की वीस पावलांवर बांधलेला घोडा डोळे गच्च मिटून घ्यायचा. एकदा तर म्हणे घोड्याने इतका वेळ डोळे मिटले, की तो तसाच झोपी गेला आणि उठवायला बादलीभर पाणी लागलं.

ओस्मोनाली हसला. माम्बेतकुल हसला नाही. तो हळूच म्हणाला, "घोडा मिटायचा. मग घोडेस्वार?"

प्रश्न साधा होता. पण जुमादिलला तो पाठीत खुपला, कारण दोन्ही नेम का चुकले हे जगात एकालाच माहीत होतं, आणि तो आपण आहोत असं त्याला आजवर वाटत होतं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. चाप ओढायच्या आधी, केसभर आधी, त्याचा उजवा डोळा आपोआप मिटायचा. तो मिटवत नव्हता, डोळाच मिटायचा. डोळा मिटला की खांदा आकसायचा आणि गोळी जायची डोंगराच्या पोटात. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. झूराकानला तर नाहीच.

"घोडेस्वाराने नवी दुर्बीण घेतली," तो म्हणाला आणि घाईने बाजाराकडे वळला.

ही सप्टेंबरातली गोष्ट. नारीनच्या बाजाराच्या टोकाला, लोखंडी डब्यातल्या दुकानात, तुर्दाकून नावाचा माणूस दुर्बिणी विकतो. पूर्वी तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि बोटं त्याची अजून तशीच, शेवयांसारखी बारीक. जुमादिल तिथे गेला तो ठरवूनच गेला, की ह्या माणसाच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. सूर्य पूर्वेला उगवतो असं तुर्दाकूनने म्हटलं असतं तरी जुमादिलने बाहेर जाऊन बघून घेतलं असतं.

त्याने एकच गोष्ट विचारली: डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं? थोरल्या भावाला म्हणतात तसं 'बाइके' म्हणत तुर्दाकून म्हणाला, आरामात चार बोटं. आणि त्याने डोळा आणि काच यांच्यामध्ये आपली चार बोटं घालून दाखवली.

आता दुसऱ्या कुठल्या देशातला शिकारी असता तर त्याने 'चार बोटं' ऐकून खूश होऊन दुर्बीण उचलली असती. पण आम्ही लोक घोडीच्या बरगडीवरची चरबी बोटांनी मोजतो, आणि बोटं कुणाची ह्यावरून आमच्यात सोयरिकी मोडलेल्या आहेत. घोडी विकणारा मापाला बारीक बोटांचा मामा आणतो, म्हणजे चरबी सहा बोटं भरते. घेणारा जाड बोटांचा काका आणतो, म्हणजे तीच चरबी चार भरते. जुमादिलला चाळीस वर्षं सगळे घेणारेच बोलवत आले होते. त्याचा हात म्हणजे फावडं. त्याने तो तुर्दाकूनच्या हाताशेजारी धरला. तुर्दाकूनची चार बोटं त्याच्या पुऱ्या तिनांएवढीसुद्धा भरत नव्हती.

"तुझ्या चार बोटांत माझी भुवई फुटेल," जुमादिल म्हणाला.

"बाइके, काच काही बोटं बघून बनवत नाहीत."

"मग काय बघून बनवतात? ज्याची बघून बनवली त्याचा हात आण, मी मोजतो."

तुर्दाकूनने अकराच्या अकरा दुर्बिणी फळीवर मांडल्या. जुमादिलने एकेक उचलली, डोळ्यापासून दूर नेली, जवळ आणली. फार लांब गेलं की चित्र आक्रसून नाण्याएवढं होई; फार जवळ आलं की कडेने काळी सावली आत शिरे, ग्रहण लागल्यासारखी. मधे कुठेतरी गोल भरून चित्र उभं राही. ते जिथे राही तिथे तो स्वतःची बोटं घालून मोजी. बहुतेक दोन भरायची, एखादी अडीच. तिसऱ्या दुर्बिणीत मात्र पहिल्यांदाच चक्क चार भरली. जुमादिल लगेच सावध झाला. न मागता चांगलं मिळालं की समजावं, कुठेतरी काहीतरी लपवलंय.

त्याने दुर्बीण सगळीकडून फिरवून बघितली. तिच्या पाठीवर एक कडं होतं, फिरवलं की चित्र मोठं होणारं. तुर्दाकूनने ते सगळ्यांत लहानावर ठेवलं होतं. जुमादिलने ते सगळ्यांत मोठ्यावर फिरवलं, आणि चारांची तीन बोटं झाली. चित्र मोठं, पण डोळ्याला पुढे बोलावणारं.

"हे सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं नाही तुम्ही."

"मी अंतर विचारलं. तू मला आटलेली नदी दाखवून म्हणालास, पायी ओलांडता येते."

खरी गंमत पुढे होती. जुमादिल घरून निघतानाच मेंढीच्या कातड्याचा जाड कोट आणि कोल्ह्याच्या केसांची टोपी गाठोड्यात घालून आला होता. बाहेर सप्टेंबरचं ऊन, खरबूज विकणारे बनियनवर बसलेले. त्याने दुकानाच्या दारात कोट घातला, टोपी कानापर्यंत ओढली आणि आपली बंदूक, कागदपत्रं दाखवून, गोळी नसल्याचं चारचौघांत उघडून दाखवून, हातात घेतली. कारण नुसत्या सदऱ्यात नेम धरणं वेगळं आणि कोटात वेगळं. कोटाच्या जाडीने दस्ता खांद्यापासून पुढे सरकतो आणि काच डोळ्यापासून दूर जाते. मग माणूस नकळत मान पुढे काढतो, आणि मान पुढे काढणाऱ्यालाच दुर्बीण लाथ मारते. म्हणून नोव्हेंबरात मारायचं असेल तर दुर्बीण नोव्हेंबरात घ्यावी, आणि नोव्हेंबर नसेल तर अंगावर आणावा.

एवढ्यावर तो थांबला नाही. सपाटीवरची दुर्बीण डोंगरात धोका देते, असं म्हणून तो त्या कोटासकट एका मालट्रकखाली शिरला, पाठीवर अर्धा आडवा झाला आणि समोरच्या पॉपलरच्या शेंड्यावरच्या कावळ्याच्या घरट्यावर नेम धरला. वर नेम धरला की डोकं दस्त्यावरून पुढे घसरतं, आणि सगळी अंतरं बोटभर कमी होतात. अकराही दुर्बिणी अशा बंदुकीवर चढवून बघितल्या. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, ह्याला फेफरं आलंय, चाव्यांचा जुडगा हातात द्या. कुणी पाणी मारलं. जुमादिल ट्रकखालून ओरडून सांगत होता की मी दुर्बीण घेतोय, पण टोपीतून आवाज बाहेर येईना.

"तेव्हा मी शेजारच्या टपरीत चहा पीत होतो," माम्बेतकुल ओस्मोनालीला म्हणाला. "लोक म्हणाले तुमचा माणूस आहे का? मी नाही म्हणालो."

आठवी दुर्बीण सगळ्यांत कुरूप होती. रंग उडालेला, डबीवरची अक्षरं घासून गेलेली. पण कडं मोठ्यावर, अंगात कोट, नेम शेंड्यावर, अशा तिन्ही संकटांतही तिच्यातलं चित्र भरलेलं राहत होतं, आणि मधे जुमादिलची स्वतःची चार बोटं सुखाने जात होती. डोकं जरा मागेपुढे झालं तरी काळी सावली आत येत नव्हती. जुमादिल म्हणाला, त्या फटीतून एक माशी आपल्या सगळ्या लेकरांना घेऊन गेली आणि तिचा पंखसुद्धा कुठे लागला नाही. मग त्याने मधे चहाचा वाडगा धरून पाहिला आणि नेम न हलवता अर्धा वाडगा प्यायला.

"कुठल्या हाताने?" ओस्मोनालीने विचारलं.

"काय?"

"एक हात बंदुकीखाली, एक चापापाशी. वाडगा कुठल्या हाताने?"

जुमादिलने टोपी सारखी केली आणि म्हणाला, वाडगा तुर्दाकूनने धरला होता. म्हाताऱ्याने मान हलवली. ती पटल्याची मान होती की नाही, हे जुमादिलला त्याच्या मिशीतून कळेना.

दुर्बीण मनासारखी होती, हाच आता घोर झाला. तुर्दाकूनने घासाघीस केली नाही. एका मेंढ्याच्या किमतीवर लगेच हो म्हणाला. इतक्या लवकर हो म्हणणारा माणूस काहीतरी टाळत असतो. जुमादिल बाजाराच्या फाटकापर्यंत गेला, परत आला, डबी उघडून बघितली, तीच दुर्बीण आहे ना ह्याची खात्री केली. पुन्हा फाटकापर्यंत गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा तुर्दाकून म्हणाला, "बाइके, मी ती पटकन दिली कारण दोन तास तुम्ही माझ्या दारात कोट घालून बसलाय. कोण येणार आत?" हे उत्तर खरं वाटण्यासारखं होतं, म्हणून जुमादिलने तेही मनात राखून ठेवलं.

घरी माम्बेतकुल पेचकस घेऊन हजर. म्हणाला, बसवायला मदत करतो. जुमादिलने त्याला चहा दिला, साखर दिली, पेचकस मात्र त्याच्या हातात राहू दिला नाही. साडूने दुर्बीण बोटभर मागे बसवली की जुमादिलची भुवई फुटणार, नेम चुकणार आणि परवाना कुणाच्या घरी जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्याने ती स्वतः बसवली. रिकामी बंदूक घ्यायची, डोळे मिटायचे, खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. उघडताक्षणी चित्र भरलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पेच ढिला करून दुर्बीण गव्हाच्या दाण्याएवढी सरकवायची आणि पुन्हा मिटायचे. चाळीस वेळा त्याने हे केलं, कोट घालून, समोर चुलीवरच्या किटलीवर नेम धरून. शेवटी झूराकान म्हणाली, "ए म्हाताऱ्या, किटलीला माफ कर. चहा भीतीनेच कडू होतोय."

इथपर्यंत सगळं, थोडी माशी सोडली तर, खरं होतं. इथून पुढे जुमादिलचा आवाज जरासा मोठा झाला. त्याचं त्याला कळलं नाही, झूराकानला कळलं.

नोव्हेंबराच्या शेवटी दोघं साडू कारा-जिल्गाच्या घळीत गेले. वारा खालून वर होता, घोड्यांचा वास वर जाऊ नये म्हणून माम्बेतकुल घोडे घेऊन खाली थांबला आणि जुमादिल एकटा वर चढला. दुपार कलताना त्याला कड्याच्या धारेवर तेके दिसला, शिंगं मागे पाठीला टेकलेली, उभा, जसा कुणी तिथे ठेवून दिलाय. सातशे पावलं, जुमादिल म्हणाला. माम्बेतकुल म्हणाला, खालून तर दोनशे दिसत होती. जुमादिल म्हणाला, खालून सगळंच जवळ दिसतं, म्हणून तर लोक खाली थांबतात.

तो बर्फात आडवा झाला. कोट, चढ, कडं मोठ्यावर. चार बोटं अंतर. काळी सावली नाही. तेके गोलात भरून उभा, दाढीला लागलेला बर्फसुद्धा मोजावा इतका.

"आणि दोन्ही डोळे उघडे," जुमादिल म्हणाला. "टक्क उघडे. चाप ओढला, बंदूक मागे आली, दुर्बीण भुवईपासून दोन बोटं अलीकडेच थांबली, जशी सून सासऱ्याच्या दारात थांबते. मी गोळी जाताना बघितली. पुढल्या पायाच्या मागे, इथे, अंगठ्याएवढ्या जागेत शिरताना बघितली. केस उडालेले बघितले."

"गोळी शिरताना बघितलीस?" माम्बेतकुलने विचारलं.

"मी आधीच म्हणालो, पटायचं नाही."

माम्बेतकुलने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो न खाता बोटांत फिरवत राहिला. जुमादिलने त्याच्याकडे बघणं टाळलं. चोराच्या मनात चांदणं, आणि आज जुमादिलच्या मनात पुरी पौर्णिमा होती.

कारण कड्यावर घडलं ते असं. दुर्बिणीने त्याला स्पर्शही केला नाही, हे खरं. तुर्दाकून खरा निघाला, आठवी दुर्बीण खरी निघाली, चार बोटं शेवटपर्यंत चार राहिली. पण दुर्बिणीला हे ठाऊक होतं, डोळ्याला नव्हतं. डोळा तीस वर्षं लाथा खाऊन शहाणा झाला होता. चाप ओढायच्या केसभर आधी तो मिटला. आवाज झाला, घळ घुमली, आणि जुमादिलने डोळा उघडला तेव्हा धार मोकळी होती. वरून दगड घरंगळत होते. तेके खाली कड्याच्या पायथ्याशी पडला होता, मान वाकडी, तोंडातून रक्त.

गोळी लागून पडला, की आवाजाने दचकून उडी मारली आणि बर्फावर पाय निसटला? जुमादिलला माहीत नव्हतं. धावत खाली जाऊन बघता आलं असतं. तो धावत गेला, पण बघितलं नाही. माम्बेतकुलला घोडे घेऊन वर यायला तासभर लागणार होता. तेवढ्या वेळात त्याने तेके सोलला, पोट साफ केलं, आणि हे सगळं करताना नजर सतत डोंगरावर ठेवली, जणू लांडगे यायचे आहेत. केस आत करून कातडं गुंडाळलं. थंडीत ते तासाभरात लाकडासारखं झालं. तोपर्यंत त्याच्या मनात दोन जुमादिल भांडत होते. एक म्हणत होता, लागली असणार, न लागता कोण पडतं? दुसरा काही बोलत नव्हता, आणि ह्या दुसऱ्याचाच त्याला जास्त संशय येत होता.

"एक मला कळलं नाही," माम्बेतकुल आता सावकाश म्हणाला. "वाटेत तो कोळशाच्या गाडीवाला भेटला. त्याने हाक मारली, शिरालगा, माझा वाटा द्या. रीत आहे. वाटेत भेटेल त्याला शिकारीतलं काही द्यायचं. मी त्याला मानेचा तुकडा काढणार होतो. तू काय दिलंस? दोन्ही पुढचे पाय, खांद्यासकट, बरगड्यांसकट. त्या माणसाला ते गाडीत कुठे ठेवावं कळेना. माझं लग्न झाल्यापासून मी तुझ्या घरी जेवतोय, साडू. तू मला कधी दुसरी बरगडी वाढली नाहीस."

झूराकानने चुलीकडून वळून बघितलं.

"शिकार मोठी, तर हात मोठा," जुमादिल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. गाडीवाल्याने हाक मारली तेव्हा त्याला देवच भेटल्यासारखं झालं होतं. खांदा गेला, बरगड्या गेल्या, 'गोळी कुठाय' असं विचारणारं मांस घाट उतरून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. कातड्याचं गाठोडं त्याने शेडच्या मागे, सरपणाखाली सारलं होतं. वसंतात बघू, असं झूराकानला सांगितलं होतं.

ओस्मोनालीने रिकामा वाडगा उपडा घातला. म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला, आणि जुमादिल सावरून बसला, कारण ओस्मोनाली निवाडा देण्याआधी नेहमी असाच दाढीवरून हात फिरवायचा.

"गोष्ट चांगली सांगितलीस," तो म्हणाला. "दुर्बीणही चांगली निवडलीस. चार बोटांचं मलाही आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. तेके तर आलाच. तेव्हा माझ्या मते, परवाना..."

आणि नेमकी तेव्हाच झूराकान उठली. तिला नवऱ्याचं भलं व्हावं असंच मनापासून वाटत होतं. तीस वर्षांचा संसार. दोन हिवाळे त्याचं पडलेलं तोंड बघून तीही वाळली होती. तिच्या मनात आलं, निवाडा व्हायचाच आहे तर मानाने होऊ दे. शिकारीचं कातडं गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्याला द्यायचं, ही तिच्या सासूच्याही आधीची रीत. तिचा म्हातारा विसरला, वेंधळाच तो, पण ती नव्हती विसरली. तिने पहाटेच सरपणाखालून गाठोडं काढून चुलीमागे ठेवलं होतं. ते एव्हाना मऊ झालं होतं.

तिने ते ओस्मोनालीच्या गुडघ्यांवर ठेवलं आणि वाकून म्हणाली, "अता, हे तुमचं."

जुमादिल अर्धा उठला. माम्बेतकुलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, साडूला ठेवतात तसा, आणि तो पुन्हा बसला.

ओस्मोनालीने आशीर्वाद दिला आणि कातडं उलगडलं. चाळीस वर्षं त्याने कातडी कमावली होती; त्याच्या हातांना विचारावं लागत नव्हतं. डावा तळवा केसांतून मानेकडून शेपटीकडे गेला, उजवा आतल्या बाजूने त्याच्या बरोबरीने. पुढल्या पायाच्या मागे दोन्ही हात थांबले, तिथे त्यांनी जरा जास्त वेळ घेतला, मग पुढे सरकले. एक बाजू झाल्यावर दुसरी बाजू. मग त्याने कातडं दोन्ही हातांनी वर उचलून खिडकीसमोर, बाहेरच्या बर्फाच्या उजेडावर धरलं, आणि त्याच्यामागे म्हातारा पुरा झाकून गेला. फक्त आवाज आला, शांत, जरा वाकडा.

"बेटा जुमादिल, ह्या कातड्याला एकच भोक आहे, आणि ते देवाने शेपटीखाली दिलेलं. तुझं कुठाय?"